दुधाची दाढ आणि पोलादी टोपी

लहान मुलाची दाढ किडली असता “दुधाचेच दात ते, आज ना उद्या पडणारच” असे म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करण्याची रीत घरोघरी आढळते. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी हलू लागतात, त्यामुळे हा समज दृढ होतो. दाढांची गोष्ट मात्र निराळी आहे. मुलाच्या तोंडात दुधाचे एकूण २० दात असतात. त्यांपैकी ८ दाढा असून त्या साधारणतः दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत टिकावयाच्या असतात. चार वर्षांच्या मुलीची दाढ किडली तर तिला त्या दाढेवर आणखी सहा ते आठ वर्षे भाकरी चावावयाची असते. या काळात किडीने आतली नस गाठली म्हणजे ठणका, रात्रीची जाग, हिरडीवर पुवाची पुळी आणि शाळेतील गैरहजेरी हे सर्व ओघाने येते. दाढ अकाली काढावी लागली तर मागील दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या कायमच्या दातास जागा अपुरी पडते.

अशा दाढेवर उपचार करावयाचा म्हटला की इंजेक्शन आणि कोरण्याचे यंत्र डोळ्यांपुढे उभे राहते. मोठी माणसेही ज्या आवाजाने खुर्चीचे हात घट्ट धरतात, तो आवाज चार वर्षांच्या मुलाने तोंड उघडे ठेवून सहन करावा ही अपेक्षा बहुधा फोल ठरते. कीड न कोरता आणि भूल न देता दाढ वाचविणारी एक पद्धती स्कॉटलंडमध्ये पुढे आली. ‘हॉल पद्धती’ या नावाने ती आता अनेक देशांत ओळखली जाते.

कीड म्हणजे किडा नव्हे

दात किडणे या शब्दप्रयोगामुळे दातात खरोखरच एखादा किडा शिरतो अशी समजूत रूढ झाली. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन हा किडा बाहेर पाडण्याचा उपाय महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून पिढ्यान् पिढ्या चालत आला. प्रत्यक्षात दंतक्षय ही एक रासायनिक झीज होय. दातांवर जमणाऱ्या चिकट थरात असंख्य सूक्ष्म जंतू राहतात. आपण खाल्लेली साखर व पिष्टमय पदार्थ हेच त्यांचे खाद्य. ते पचविताना जंतू आम्ल तयार करतात व त्या आम्लाने दाताच्या टणक आवरणातील, म्हणजे दंतवल्कातील, क्षार विरघळू लागतात. खाणे थांबल्यावर लाळ हे आम्ल हळूहळू सौम्य करते व काही क्षार परत दाताला मिळतात. दिवसातून दहा वेळा काहीतरी गोड तोंडात गेले तर लाळेला ही संधीच मिळत नाही. किती गोड खाल्ले याइतकेच किती वेळा खाल्ले यालाही म्हणूनच महत्त्व आहे.

दंतवल्काखालील दंतिन त्याहून मऊ असते. तेथे पोहोचलेली कीड अधिक वेगाने पसरते. दुधाच्या दाढेत हे दोन्ही थर पातळ आणि नस जवळ असते, त्यामुळे बाहेरून लहान दिसणारा खड्डा आत बराच खोल गेलेला असू शकतो.

किडलेला भाग पूर्णपणे कोरून काढावा व मगच पोकळी भरावी, हा दंतवैद्यकाचा पाया विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील डॉ. ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक यांच्या ग्रंथांनी पक्का केला. त्या काळच्या भरण्याच्या द्रव्यांचा विचार करता ते योग्यच होते. पण धुरी देणारा व कोरणारा यांच्या विचारात एक साम्य आहे, ते असे की आत जे काही आहे ते बाहेर काढल्यावाचून दात वाचणार नाही. हॉल पद्धतीने नेमके हेच गृहीत तपासून पाहिले. जंतूंना बाहेर काढण्याऐवजी त्यांची रसद तोडली तर? दाढेवर घट्ट झाकण बसले की साखर आत जाऊ शकत नाही. उपाशी पडलेल्या जंतूंची संख्या व स्वभाव दोन्ही बदलतात, आम्ल तयार होणे मंदावते आणि कीड थबकते. दाढेची नस निरोगी असेल तर ती आतल्या बाजूने नवे दंतिन तयार करून स्वतःचे संरक्षण करू लागते.

एका साध्या दवाखान्यातील नोंदी

दुधाच्या दाढांसाठी तयार मिळणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या टोप्या १९५० पासून वापरात आहेत. मात्र त्या बसविण्यापूर्वी भूल देऊन कीड काढावी व दाढ सर्व बाजूंनी तासून लहान करावी, असा दंडक होता. स्कॉटलंडमध्ये सर्वसाधारण दंतवैद्यकाचा व्यवसाय करणाऱ्या डॉ. नॉर्ना हॉल यांनी हा दंडक बाजूला ठेवला. त्यांच्याकडे येणाऱ्या मुलांमध्ये दंतक्षयाचे प्रमाण मोठे होते, आणि दात काढण्यासाठी पूर्ण भूल देऊन मुलांना रुग्णालयात ठेवावे लागणे हा त्या देशातील जुना व चिंतेचा प्रश्न होता. डॉ. हॉल यांनी कीड तशीच ठेवून, दाढ न तासता, टोपीत सिमेंट भरून ती दाढेवर दाबून बसविण्यास सुरुवात केली.

ही गोष्ट त्यांच्या दवाखान्यापुरतीच राहिली असती. परंतु त्यांनी प्रत्येक दाढेची नोंद ठेवली होती. १९८८ ते २००१ या काळात २५९ मुलांना बसविलेल्या ९७८ टोप्यांचा हा हिशेब डंडी विद्यापीठातील संशोधकांच्या साहाय्याने तपासण्यात आला व २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. रूढ उपचारांच्या तोडीचे यश त्यात दिसून आले. दंतवैद्यांच्या जगात यावर भुवया उंचावल्या, हे स्वाभाविकच होते; कीड आत ठेवून वर झाकण घालणे ही निष्काळजीपणाची परिसीमा आहे असेच विद्यार्थ्यांना आजवर शिकविले गेले होते. मराठीत ‘टोपी घालणे’ याचा जो अर्थ होतो, तोच अनेकांना प्रथमदर्शनी या उपचारात दिसला असावा.

जुन्या नोंदींवरून काढलेले निष्कर्ष पुरेसे नसतात, म्हणून डॉ. निकोला इनेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्कॉटलंडच्या टेसाइड भागात रीतसर चाचणी घेतली. १७ दंतवैद्य आणि ३ ते १० वर्षे वयाची १३२ मुले तीत सहभागी झाली. प्रत्येक मुलाच्या तोंडातील सारख्याच प्रकारे किडलेल्या दोन दाढा निवडण्यात आल्या. एकीवर हॉल पद्धतीने टोपी बसविली, दुसरीवर त्या दंतवैद्याने आपला नेहमीचा उपचार केला. कोणत्या दाढेला कोणता उपचार, हे नशिबावर सोपविले होते. एकाच मुलाचे खाणे, घासणे व लाळ दोन्ही दाढांना सारखीच, त्यामुळे ही तुलना विशेष विश्वसनीय ठरली.

पाच वर्षांचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. किमान चार वर्षे ज्यांची तपासणी होऊ शकली अशा ९१ मुलांत, नस सुजणे किंवा पू होणे यांसारखे गंभीर अपयश नेहमीच्या उपचारात सुमारे १७ टक्के, तर टोपी बसविलेल्या दाढांत ३ टक्के आढळले. भरलेले द्रव्य निघून जाणे, पुन्हा कीड लागणे यांसारखे किरकोळ अपयश अनुक्रमे ४२ आणि ५ टक्के होते. ज्या मुलांनी आपली पसंती सांगितली त्यांपैकी ७७ टक्क्यांनी टोपीच्या बाजूने कौल दिला होता. आपल्याला कोणता उपचार सोसवला हे मुलांनाच विचारावे, ही या चाचणीतील बाब कौतुकास्पद म्हटली पाहिजे.

टोपी कशी बसविली जाते

दोन दाढा एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतील तर मधल्या फटीत रबराची लहानशी कडी अडकविली जाते व तीन ते पाच दिवसांनी काढली जाते. तेवढ्यात टोपीची कड आत शिरण्याइतकी जागा होते. मुलाला आडवे न निजविता ताठ बसवितात, कारण निसटलेली टोपी घशात जाता कामा नये. त्यासाठी कापसाच्या जाळीदार कापडाचा आडोसाही करतात. योग्य मापाची टोपी निवडली की तीत ग्लास आयनोमर सिमेंट भरतात, दाढेवर ठेवतात आणि बोटाने दाबतात किंवा मुलालाच चावावयास सांगतात. बाहेर आलेले सिमेंट पुसून काढले व काही मिनिटे कापसाच्या बोळ्यावर दात आवळून ठेवले, की काम संपते. कोरण्याचे यंत्र हाती घ्यावेच लागत नाही.

या वेळी हिरडी थोडी पांढरी पडते व दाबल्यासारखे वाटते. ही तक्रार लवकरच शमते. दाढ तासलेली नसल्याने टोपी किंचित उंच होते आणि पहिले काही दिवस मुलाचे इतर दात नीट मिटत नाहीत. पालक यामुळे घाबरून जातात. वाढत्या वयात दात आपली जागा थोडीफार बदलत असतात, म्हणून काही आठवड्यांत चावा पूर्ववत होतो. ही गोष्ट टोपी बसविण्यापूर्वीच सांगितलेली बरी. नंतर सांगितली तर ती सबब वाटते.

कोठे ही पद्धती चालत नाही

झाकणाखाली कीड थांबते ती नस जिवंत व निरोगी असेल तरच. मुलाला रात्री आपोआप ठणका लागत असेल, हिरडीवर पुळी आली असेल, दाढ हलत असेल किंवा क्ष-किरण चित्रात कीड आणि नस यांच्यामध्ये दंतिनाची स्पष्ट पट्टी दिसत नसेल, तर टोपी बसविणे म्हणजे पू आत कोंडणे होय. दाढ इतकी मोडली असेल की टोपीला धरावयास काही उरलेले नाही, तेथेही तिचा उपयोग नाही. हृदयाच्या झडपांचा विकार व त्यामुळे हृदयाच्या आतील आवरणास जंतुसंसर्गाचा धोका असणाऱ्या मुलांत कीड आत ठेवण्याचा धोका पत्करत नाहीत. निकेल या धातूची ॲलर्जी असणाऱ्यांनाही ही टोपी वर्ज्य आहे. उपचार सोपा असला तरी तो कोणावर करावा हे ठरविणे सोपे नाही. ते काम प्रशिक्षित दंतवैद्याचेच आहे.

येथे आणखी एका चाचणीचा उल्लेख आवश्यक आहे. इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्समधील ७२ दवाखान्यांत ३ ते ७ वर्षांच्या ११४४ मुलांचे तीन गट करण्यात आले. एका गटात कोरून भरण्याचा रूढ उपचार व प्रतिबंध, दुसऱ्यात कीड झाकण्याचे उपचार व प्रतिबंध आणि तिसऱ्यात केवळ प्रतिबंध अशी योजना होती. सरासरी तीन वर्षांच्या आत पहिल्या गटातील ४२, दुसऱ्यातील ४० आणि तिसऱ्यातील ४५ टक्के मुलांना दातदुखी किंवा पू होण्याचा त्रास झालाच. तिन्ही गटांत सिद्ध होण्याजोगा फरक आढळला नाही. एक दाढ टोपीखाली सुरक्षित झाली तरी साखर तीच, घासणे तेच, आणि उरलेले १९ दात उघडेच असतात. टोपीचा पुरस्कार करणाऱ्यांनी हे आकडे झाकून ठेवू नयेत.

शाळेतील तपासणी आणि वेळेचा प्रश्न

महाराष्ट्राच्या दृष्टीने या पद्धतीचे महत्त्व वेळेच्या मुद्द्यात आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे झाला. त्या वेळी पालघर ठाणे जिल्ह्यात होते. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये तपासावयाच्या विकारांच्या यादीत दातांचे विकार समाविष्ट आहेत. फिरत्या पथकांनी अंगणवाड्यांना वर्षातून दोनदा व शाळांना एकदा भेट द्यावी अशी त्यात तरतूद आहे. तपासणीत ‘दात किडलेले’ अशी नोंद होते, परंतु मूल खेळत-बागडत असेल तर पालक ती चिठ्ठी कोनाड्यात ठेवतात व ठणका लागल्यावर शोधतात. टोपीच्या दृष्टीने तोपर्यंत उशीर झालेला असतो. दुखत नसलेली किडकी दाढ हीच या उपचारास सर्वांत योग्य दाढ होय, हे पालकांना पटविणे कठीण असले तरी ते काम शिक्षक व अंगणवाडी सेविका यांच्याइतके दुसऱ्या कोणाला साधणार नाही.

त्यासाठी दंतवैद्य असण्याची गरज नाही. शाळेत खिचडी खाताना मूल एकाच बाजूने चावत असेल, घास तोंडात धरून ठेवत असेल, थंड पाणी पिताना गालाला हात लावत असेल, तर पथकाच्या भेटीची वाट न पाहता पालकांना बोलवावे. सहाव्या वर्षाच्या सुमारास शेवटच्या दुधाच्या दाढेमागे एक नवी दाढ येते. कोणताही दात पडलेला नसताना ती येत असल्यामुळे तिलाही दुधाचीच समजून सोडून दिले जाते. ती कायमची असते व तिच्यानंतर दुसरी येत नाही.

टोपी चांदीसारखी चमकते, ती हसताना दिसेल काय, अशी पालकांची पहिली शंका असते, विशेषतः मुलीच्या बाबतीत. मागच्या दाढांवरची टोपी सहसा मोठ्याने हसल्याशिवाय दिसत नाही. ती पुढे काढावी लागेल काय, ही दुसरी शंका. कायमचा दात वर येऊ लागला की दुधाच्या दाढेची मुळे आपोआप झिजत जातात, दाढ हलू लागते आणि एके दिवशी टोपीसकट मुलाच्या हातात येते.