उजेड लक्षात ठेवणारा सायनॅप्स

प्रकाशावर चालणाऱ्या कृत्रिम सायनॅप्सची बातमी आली की ‘प्रकाशाच्या वेगाने विचार करणारा संगणक’ असा काहीतरी मथळा तिला हमखास चिकटतो. हा समज चुकीचा आहे आणि त्यामुळे या उपकरणाचा खरा गुण झाकला जातो, हे त्याहून वाईट. सर्किट बोर्डावरच्या तारांतून विजेचा संदेशही प्रकाशाच्या साधारण निम्म्या वेगाने धावतच असतो. आजच्या संगणकाची खरी अडचण आहे ती माहितीच्या हेलपाट्यांची. साठवण एकीकडे आणि आकडेमोड दुसरीकडे, ही १९४५ सालच्या फॉन नॉयमन आराखड्यातली विभागणी अजून टिकून आहे. स्टॅनफर्डचे मार्क होरोविट्झ यांनी २०१४ साली दाखवून दिले, की दोन संख्यांची बेरीज करायला जितकी ऊर्जा लागते, तिच्या शेकडो पट ऊर्जा त्या संख्या चिपबाहेरच्या मेमरीतून आणायला लागते. मेंदूत असे हेलपाटे नाहीत. दोन चेतापेशींमधला सांधा, म्हणजे सायनॅप्स, संदेश पुढे पाठवतो आणि आधीच्या संदेशांचा ठसाही स्वतःवरच बाळगतो. कृत्रिम सायनॅप्सला नेमके हेच साधायचे आहे.

प्रकाशाने हा ठसा उमटतो तो चपळाईमुळे नव्हे, रेंगाळण्यामुळे. इंडियम, गॅलियम आणि झिंक यांच्या ऑक्साइडचा पातळ थर घेतला, तर त्यात काही ठिकाणी ऑक्सिजनचा अणू गैरहजर असतो. पुरेशा ऊर्जेचा प्रकाश पडला की या रिकाम्या जागांमधले इलेक्ट्रॉन सुटतात आणि थराची वाहकता वाढते. त्याच वेळी आजूबाजूचे अणू किंचित सरकतात, त्यामुळे सुटलेल्या इलेक्ट्रॉनला परतताना एक अडथळा ओलांडावा लागतो. दिवा विझला तरी प्रवाह लगेच पडत नाही. तो काही सेकंद, कधी काही तास हळूहळू ओसरत राहतो. प्रकाशाच्या पहिल्या स्पंदाचा परिणाम ओसरण्याआधी दुसरे स्पंद आले, तर प्रतिसाद आधीपेक्षा मोठा मिळतो. स्पंदांची संख्या वाढवली की ठसा अधिक काळ टिकतो. साध्या कॅमेऱ्याच्या सेन्सरमध्ये हाच गुण दोष ठरला असता, कारण तिथे मागच्या चित्राची सावली पुढच्या चित्रावर नको असते. इथे मात्र ती सावली हीच स्मृती आहे. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात स्कँडियम नायट्राइड वापरून असे सायनॅप्स बनवले गेले आहेत, त्यांचाही आधार हाच रेंगाळणारा प्रवाह.

अशा सायनॅप्सला वीज लागतच नाही, असाही एक समज आहे. बहुतेक उपकरणांत प्रकाश लिहितो, पण वाचायला विद्युतप्रवाहच लागतो आणि पुसायलाही बहुधा विजेचेच स्पंद. हाँगकाँग पॉलिटेक्निकच्या गटाने २०१९ साली मॉलिब्डेनम ऑक्साइडचे उपकरण दाखवले, त्यात अतिनील प्रकाशाने ठसा उमटे आणि विजेने तो पुसला जाई. लिहिणे-वाचणे दोन्ही प्रकाशानेच करणारी वेगळी शाखाही आहे. ऑक्सफर्ड, एक्सेटर आणि म्युन्स्टरच्या संशोधकांनी प्रकाशवाहिनीवर अवस्था बदलणाऱ्या पदार्थाचा थर देऊन २०१९ साली शिकू शकणारे जाळे उभे केले. त्यात चेतापेशी होत्या ४ आणि सायनॅप्स ६०. माणसाच्या मेंदूत चेतापेशीच सुमारे ८,६०० कोटी आहेत. प्रयोग खरोखर देखणा होता, पण त्यावरून ‘कृत्रिम मेंदू’ म्हणणे हा वाचकावर अन्याय आहे.

मग या सायनॅप्सची योग्य जागा कोणती? माझ्या मते मेंदूपेक्षा डोळा. आपल्या दृष्टिपटलावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी सुमारे १२ कोटी आहेत, तर दृष्टिचेतेत तंतू जेमतेम १० लाखांच्या आसपास. म्हणजे निवड आणि गाळणी मेंदूपर्यंत पोहोचण्याआधीच झालेली असते. व्हिएन्नाच्या तांत्रिक विद्यापीठातल्या गटाने २०२० साली टंगस्टन डायसेलेनाइडच्या २७ प्रकाशसंवेदकांची चिप केली. तिने साधी अक्षरचित्रे सुमारे ५० नॅनोसेकंदांत ओळखली, कारण चित्र टिपणे आणि त्याचा हिशेब करणे एकाच थरात होत होते. त्या चिपला स्वतःची स्मृती नव्हती, प्रत्येक संवेदकाची तीव्रता बाहेरून विद्युतदाब देऊन ठरवावी लागे. ती उणीव रेंगाळणारा प्रकाशप्रवाह भरून काढू शकतो.

यावर आक्षेप येतो, की कॅमेऱ्याशेजारी चांगली मेमरी बसवली तर हेच काम होणार नाही का? होईल, पण प्रत्येक बिंदूचा प्रकाश आधी अंकांत बदलावा लागेल, मग ते सगळे अंक हलवावे लागतील, आणि त्यातले बहुतेक निरुपयोगी असतील. हालचाल ओळखायची असेल, तर मागच्या क्षणाचा ओसरता ठसा त्याच बिंदूवर असणे हा मोठा फायदा आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: विसरणाऱ्या उपकरणावर शिकलेले ज्ञान ठेवायचे कसे? ते ठेवू नये. प्रशिक्षणातून मिळालेली, महिनोन्‌महिने जपायची मूल्ये स्थिर मेमरीतच राहावीत. क्षणभराचे संदर्भ सांभाळणे हे रेंगाळणाऱ्या ठशाचे काम. अडचणी या कामातही आहेत: एकाच थरावरच्या उपकरणांमधली तफावत अजून पुरती आटोक्यात आलेली नाही. शिवाय रुंद ऊर्जा-अंतराच्या (बँड गॅप) अनेक ऑक्साइडना अतिनील किंवा निळा प्रकाश लागतो, आणि आपल्याला पाहायचे असते ते संपूर्ण दृश्य प्रकाशातले जग.

ऊर्जेचे आकडे वाचतानाही सावध राहायला हवे. ‘एका स्पंदाला अमुक फेम्टोज्यूल’ हा आकडा अनेकदा फक्त उपकरणातून वाहिलेल्या प्रवाहाचा असतो. प्रकाश देणारा एलईडी किंवा लेसर आणि वाचणारे सर्किट त्यात धरलेले नसते. प्रयोगशाळेत लेसर पेटवून उमटवलेल्या ठशाचा खर्च मोजायचा, तर लेसरही मोजावा लागेल. समोरच्या दृश्यातून आपसूक येणारा प्रकाश वापरणाऱ्या सेन्सरला मात्र लिहिण्यासाठी वेगळा दिवा लागतच नाही.