शिकवणाऱ्याला कोण शिकवतं?

लेखमाला : ऐकणाऱ्यांची शाळा
लेखांक ७

मागच्या आठवड्यात एका शिकाऊ समुपदेशक मुलीची पहिली सेशन्स पाहिली. समोर खराखुरा माणूस येऊन बसला की वर्गात पाठ केलेलं निम्मं विसरतं आणि उरलेलं निम्मं नको तिथे आठवतं, हे त्यात आलंच. आता पुढचा प्रश्न. ही मुलगी कुठे चुकली हे तिला सांगणार कोण? आणि सांगणाऱ्याला ते नीट सांगता येतं का, हे कोण तपासणार?

छत्रपती संभाजीनगरात हा प्रश्न आता पुस्तकी राहिलेला नाही. १९५८ साली सुरू झालेल्या इथल्या विद्यापीठाकडे, म्हणजे आजच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे, संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे चार जिल्हे आहेत. मानसशास्त्र शिकून बाहेर पडणाऱ्यांना या चार जिल्ह्यांत काम कमी नाही. शेतकरी कुटुंबांच्या मानसिक आरोग्यासाठी राज्य सरकारने २०१५ साली मराठवाडा आणि विदर्भात प्रेरणा प्रकल्प सुरू केला. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत निदान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असलाच पाहिजे. क्लासेस आणि वसतिगृहांनी भरलेल्या या शहरात त्याचा अर्थ उघड आहे. शिकाऊ समुपदेशक वाढणार आणि त्यांचं काम पाहायला अनुभवी प्राध्यापक मात्र मोजकेच राहणार.

अशा वेळी हे काम आपसूक पीएच.डी. करणाऱ्यांकडे सरकतं. "ताई, माझी एक केस अडलीय, जरा बघता का?" असं एम.ए.ची मुलगी विचारते आणि ताई चहाचा कप बाजूला सारून जमेल तसं सांगते. मनापासून सांगते, यात शंका नाही. पण पीएच.डी.त तिला संशोधन आराखडा करायला शिकवलेलं असतं, आकडेवारी तपासायला शिकवलेलं असतं. दुसऱ्याचं समुपदेशन ऐकून त्याला घडवायचं कसं, हे कुणी शिकवलेलं नसतं.

या कामाला जगभर सुपरव्हिजन म्हणतात आणि आपल्याकडचे समुपदेशकही हाच शब्द वापरतात. त्यात तीन जबाबदाऱ्या एकत्र येतात. मदत मागायला आलेल्या माणसाला इजा होऊ द्यायची नाही. शिकाऊ समुपदेशकाला पुढे न्यायचं. आणि ज्याला हे काम झेपत नाही त्याला वेळीच थांबवायचं. चांगला समुपदेशक या तिन्हींत आपोआप तरबेज होतो, हा समज फार काळ टिकून होता.

बर्लिनच्या मनोविश्लेषण संस्थेत १९२० च्या दशकात माक्स एटिंगॉन यांच्या पुढाकाराने शिकाऊंनी अनुभवी विश्लेषकाच्या देखरेखीखाली काम करण्याची पद्धत रुजली. तिथे शिकणारा आठवून सांगायचा आणि गुरू ऐकायचा. १९४० च्या सुमारास ओहायोत कार्ल रॉजर्स यांनी सेशन्स ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली आणि आपण काय बोललो असं शिकणाऱ्याला वाटतं व प्रत्यक्षात तो काय बोललेला असतो, यातलं अंतर कानावर पडू लागलं. १९७९ साली जनीन बर्नार्ड यांनी सुपरवायझरच्या तीन भूमिका मांडल्या: शिक्षक, समुपदेशक आणि सल्लागार. आजही नव्या सुपरवायझरला बहुधा इथूनच सुरुवात करून देतात.

या भूमिका उदाहरणात पाहू. समजा, पैठण तालुक्यातल्या गावाहून आलेला, स्पर्धा परीक्षेचा तिसरा प्रयत्न हुकलेला मुलगा शिकाऊ समुपदेशक मुलीसमोर बसलाय. म्हणतो, "घरी फोनच करत नाही मी आता. काय सांगू?" ती घाईने म्हणते, "असा धीर सोडू नकोस. आपण नवं वेळापत्रक करू." तो मान डोलावतो आणि उरलेलं सेशन वेळापत्रकात जातं.

हे रेकॉर्डिंग पीएच.डी. करणारी ताई ऐकते. शिक्षक म्हणून ती तिथेच थांबवून म्हणू शकते, "तो 'काय सांगू' म्हणाला, त्यावर वेळापत्रक सोडून दुसरं काय म्हणता आलं असतं? म्हणून दाखव." समुपदेशकाच्या भूमिकेतून विचारू शकते, "ते ऐकताना तुझं काय झालं?" सल्लागार म्हणून विचारू शकते, "पुढच्या भेटीत तू कुठून सुरुवात करशील?" पहिल्या महिन्यात गोंधळलेल्या मुलीला पहिला प्रश्न उपयोगी पडतो, सहा महिने काम केलेलीला तिसरा. कुणाला कधी काय विचारायचं हे ओळखणं हेच खरं कौशल्य.

पण या तिन्हींच्या आधी एक गोष्ट येते. घराशी बोलणं तोडलेल्या, हरलेल्या या मुलाला जिवाचं काही बरंवाईट करण्याचे विचार येतात का, हे कुणी विचारलं का? मुलीने विचारलं नसेल तर सुपरवायझरने ते आज, आत्ता धसाला लावायचं. प्राध्यापकांना फोन, गरज वाटली तर घाटी रुग्णालयातले मानसोपचारतज्ज्ञ, आणि मुलाच्या हातात टेलि-मानस या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक. तंत्राची चर्चा रंगवून एवढंच राहून गेलं, तर बाकी सगळं उत्तम करूनही सुपरवायझर नापास.

आता एक पायरी वर चढू. चर्चेच्या शेवटी मुलीचे डोळे भरून येतात. "मला नाही जमत हे." ताई पटकन म्हणते, "अगं, होतं असं. घाबरू नकोस, मी तुला प्रश्नांची यादीच देते." मुलीने मुलाला वेळापत्रक दिलं आणि ताईने मुलीला यादी. दोघींनीही समोरच्याचं दुःख क्षणभरही टिकू दिलं नाही. खालच्या खोलीत जे घडतं तेच वरच्या खोलीत पुन्हा घडतं, हे मनोविश्लेषक हॅरल्ड सर्ल्स यांनी १९५५ सालीच लिहून ठेवलंय. ताईला ते स्वतःहून दिसणं कठीण. तिचं मुलीबरोबरचं बोलणंही रेकॉर्ड झालं आणि ते प्राध्यापकांनी ऐकलं, तरच ते पकडलं जातं. म्हणून सुपरवायझरवरही सुपरव्हिजन लागतं.

अमेरिकेत समुपदेशनाच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी केक्रेप ही संस्था नेमकं हेच मागते. तिथे पीएच.डी.च्या पाच मुख्य विषयांत सुपरव्हिजन हा एक विषय आहे. पीएच.डी.चा विद्यार्थी शिकाऊंना सुपरव्हिजन देणार असेल, तर त्याने त्याचं शिक्षण घेतलेलं किंवा घेत असलेलं असावं लागतं आणि त्याच्यावर प्राध्यापकाची देखरेख असावीच लागते. प्रॅक्टिकम, म्हणजे देखरेखीखालचा प्रत्यक्ष सराव, करणाऱ्या प्रत्येक शिकाऊला आठवड्याला सरासरी एक तास स्वतंत्र किंवा दोघांत मिळून, आणि दीड तास गटात सुपरव्हिजन ठरलेलं असतं.

आपल्याकडे माणसं नव्हती असं नाही. मुंबईचे प्रा. कि. मो. फडके यांनी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्याशी वर्षानुवर्षे पत्रव्यवहार करून त्यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती आत्मसात केली आणि पुढे कितीतरी जणांना घडवलं. पण तो एका माणसाच्या चिकाटीचा पराक्रम होता. चार जिल्ह्यांची गरज पराक्रमावर भागत नाही, त्याला व्यवस्था लागते.

सुपरवायझरचं मूल्यमापन कसं करायचं, याचं उत्तम उदाहरण शेजारच्या गोव्यात आहे. १९९६ साली सुरू झालेल्या 'संगथ' या संस्थेने मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना नैराश्य आणि दारूच्या समस्येवर समुपदेशन करायला शिकवलं. मग त्यांनी एकमेकांची ध्वनिमुद्रित सेशन्स ऐकून गुण द्यायचे आणि तीच सेशन्स तज्ज्ञांनीही तपासायची, असं ठरलं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १८९ सेशन्स होती. एकापाठोपाठच्या तीन टप्प्यांत या माणसांचे गुण तज्ज्ञांच्या गुणांच्या जवळ जवळ येत गेले. परखायला शिकवता येतं, आणि शिकलं की नाही हे मोजताही येतं, हे त्यातून सिद्ध झालं.

आपल्या मानसशास्त्र विभागांत याची साधी आवृत्ती सहज चालेल. वर्षाच्या सुरुवातीला पीएच.डी.चे विद्यार्थी आणि प्राध्यापक यांनी तीच काही सेशन्स स्वतंत्रपणे तपासावीत. गुणांत फार तफावत असेल तोवर विद्यार्थ्याने एकट्याने सुपरव्हिजन देऊ नये. पुढे त्याच्या सुपरव्हिजनची रेकॉर्डिंग्ज ऐकताना चार गोष्टी पाहाव्यात: धोका ओळखला का, अभिप्राय नेमक्या वाक्यावर दिला की "छान केलंस" म्हणून सोडून दिलं, किती वेळ स्वतःच बोलला, आणि शिकाऊच्या पुढच्या सेशनमध्ये काही बदललं का. शिकाऊंनीही सुपरवायझरबद्दल लेखी मत द्यावं, नाव न घालता.

अडचणी आहेत. ज्या ताईने काम पाहायचं तिच्याच शेजारी मेसमध्ये जेवायचं असतं. गाव, जात, संघटना यांचे धागेही असतात. म्हणून ताईने निरीक्षणं लिहावीत, परीक्षेचे गुण प्राध्यापकांनी द्यावेत. तसंच, तिच्या सुपरव्हिजनचं मूल्यमापन तिच्या पीएच.डी.च्या गाईडकडे नसावं. ज्याच्या सहीवर पदवी अडते, त्याच्यापुढे कुणी आपली कच्ची बाजू उघडी करत नाही. रेकॉर्डिंगसाठी क्लायंटची लेखी संमती हवी आणि ते कोण ऐकणार, कधी पुसणार हेही त्याला आधी सांगायला हवं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयता हा रुग्णाचा हक्क ठरवला आहे, आणि शिकाऊंच्या कामातही तेच पथ्य पाळायला हवं.

यासाठी नवा कायदा नको, वेगळा निधी नको. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमांनुसार प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याला अध्यापनाचं प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि त्याला आठवड्याला चार ते सहा तास शिकवण्याचं, मूल्यमापनाचं सहायक काम देता येतं. मानसशास्त्राच्या अभ्यास मंडळाने या तासांत सुपरव्हिजन बसवावं आणि कोर्सवर्कमध्ये त्याचं एक प्रकरण घालावं. मागणी एवढीच आहे.

आणि वाचकहो, उद्या तुम्ही किंवा तुमच्या घरातलं कुणी शिकाऊ समुपदेशकाकडे गेलात, तर पहिल्याच भेटीत विचारा, "तुमचं काम कोण पाहतं?" नाव सांगता आलं तर निर्धास्त बसा. उत्तर देताना तो अडखळला, तर दुसरी जागा शोधा.

(पुढील लेखांकात : गटातलं सुपरव्हिजन)