कवळी की इम्प्लांट? दात गेलेल्यांसाठी काय निवडावे



गेल्या काही महिन्यांत दोन-तीन मंडळ्यांकडून एकच प्रश्न आला. "वस्तीवरील एखाद्या आजी-आजोबांना आम्ही कायमचे दात बसवून देऊ इच्छितो. कवळी देण्यापेक्षा इम्प्लांट देणे बरे नाही का?" प्रश्न प्रेमाचा आहे. त्याचे उत्तर मात्र एका ओळीत देता येत नाही. मी दंतवैद्य नाही. पण शाहूवाडी तालुक्यातील धनगरवाडे आणि वाड्या-वस्त्यांवरील माणसांना घेऊन दवाखान्यात जाण्याचे काम बरीच वर्षे करीत आहे. डॉक्टरांकडून जे समजून घेतले आणि वस्तीवर जे पाहिले, ते येथे मांडतो.

दात नसणे ही केवळ दिसण्याची गोष्ट नव्हे. आमच्याकडे रोजचे जेवण म्हणजे नाचणीची भाकरी, भात, आमटी आणि रानभाजी. दात गेले की प्रथम भाकरी सुटते, मग शेंगदाणे, हरभरे, काकडी, पेरू. उरतो तो मऊ भात आणि चहात बुडवलेले बटर. पोट भरते, पण अंगात ताकद येत नाही. शब्द नीट उमटत नाहीत म्हणून माणूस चारचौघांत बोलणे टाळतो. एक आजी लग्नाच्या पंगतीला बसेनाशा झाल्या होत्या. "सगळ्यांचं उरकतं आन् मी एकटीच चघळत बसते," एवढेच त्यांनी सांगितले.

दात जातात का, हेही पाहू. आमच्या भागात मिश्री लावण्याची सवय जुनी आहे. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिने दात घट्ट होतात असा समज आहे, पण प्रत्यक्षात हिरड्या झिजतात, दातांची मुळे उघडी पडतात आणि दात हलू लागतात. दात हिरडीखालच्या हाडात रुजलेला असतो, आणि चावण्याचा दाब मुळावाटे हाडाला मिळतो म्हणून ते हाड टिकते. दात काढला की हाड हळूहळू झिजते. बांधावरचे झाड तोडले की दोन-चार पावसाळ्यांत तिथली माती वाहून जाते, तसाच हा प्रकार. दात जाऊन जितकी वर्षे लोटतात, तितके हाड कमी उरते. पुढच्या निवडीत ही गोष्ट फार महत्त्वाची ठरते.

कवळी म्हणजे काय?

कवळी हिरडीवर बसते आणि काढता-घालता येते. काहीच दात गेले असतील तर अर्धवट कवळी, सगळेच गेले असतील तर पूर्ण कवळी. दात काढल्यावर हिरडी भरून येण्यासाठी साधारण दोन महिने थांबतात. मग माप घेणे, चावा जुळवणे, मेणावर दात लावून पाहणे आणि शेवटी कवळी देणे, अशा चार-पाच फेऱ्या होतात. शस्त्रक्रिया नसते.

वरची कवळी टाळूवर पसरते व लाळेच्या पातळ थरामुळे चिकटून राहते. खालच्या कवळीला टाळूचा आधार नाही. ती घोड्याच्या नालासारखी, तिच्याखालची जागा अरुंद, आणि जीभ सतत तिला ढकलते. म्हणून तक्रार बहुधा खालच्या कवळीची असते. चावण्याची ताकदही खऱ्या दातांच्या जेमतेम चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढी येते. सवय व्हायला महिना-दोन महिने लागतात. पुढेही हाड झिजत राहते, त्यामुळे काही वर्षांनी कवळी सैल होते आणि तिला आतून नवे अस्तर द्यावे लागते किंवा ती बदलावी लागते.

इम्प्लांट म्हणजे काय?

इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियम धातूचा लहानसा स्क्रू. त्यावर दात बसवतात. स्वीडनचे डॉ. ब्रोनेमार्क १९५२ मध्ये सशांच्या हाडावर संशोधन करीत असताना त्यांच्या लक्षात आले की टायटॅनियम हाडाशी एकजीव होते. १९६५ मध्ये त्यांनी योस्ता लार्सन नावाच्या रुग्णाच्या खालच्या जबड्यात असे चार स्क्रू बसवले. ते २००६ मध्ये लार्सन यांच्या मृत्यूपर्यंत टिकले. नीट निवडलेल्या रुग्णांत दहा वर्षांनंतरही शंभरातील नव्वदाहून अधिक इम्प्लांट शाबूत असतात.

हा मोठा फायदा आहे. दात हलत नाही, भाकरी चावता येते, शेजारचे दात घासावे लागत नाहीत आणि त्या जागचे हाडही टिकते. परंतु खोपटाची मेढ उभी करायची तर जमीन घट्ट लागते. हाड पुरेसे नसेल तर आधी हाड भरण्याची वेगळी शस्त्रक्रिया करावी लागते. स्क्रू हाडात रुजायला तीन ते सहा महिने जातात. मधुमेह ताब्यात नसेल किंवा विडी-तंबाखू चालू असेल तर स्क्रू न रुजण्याचा धोका वाढतो. हाडे ठिसूळ होण्यावरची किंवा रक्त पातळ करण्याची औषधे चालू असतील तर ते डॉक्टरांना आधीच सांगावे लागते. शिवाय इम्प्लांटला कीड लागत नसली तरी भोवतीची हिरडी सडू शकते. रोजची स्वच्छता आणि वेळोवेळी तपासणी त्याला सुटत नाही. "कायमचे दात" हा शब्द म्हणूनच जपून वापरावा.

खर्चाचे म्हणाल, तर एका इम्प्लांटच्या दातासाठी जे पैसे लागतात, त्यात साधी पूर्ण कवळी सहज होते. श्रावणबाळ योजनेच्या महिना १,५०० रुपयांवर जगणाऱ्या माणसाला हा फरक किती मोठा आहे, ते सांगायला नको.

मधला मार्ग

सर्व दात गेलेल्यांसाठी एक तिसरी वाट आहे. खालच्या जबड्यात पुढे दोनच इम्प्लांट बसवायचे आणि त्यांवर कवळी बटणासारखी अडकवायची. ती काढता येते, पण बोलताना उठत नाही. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात २००२ मध्ये जमलेल्या तज्ज्ञांनी खालच्या दंतहीन जबड्यासाठी हीच पहिली पसंती असावी असे मत दिले. एखादाच दात गेला असेल तर शेजारच्या दातांवर आधारलेला ब्रिज हाही पर्याय असतो. त्यासाठी शेजारचे चांगले दात घासावे लागतात.

मग आमच्या लोकांसाठी काय?

माझे मत असे झाले आहे. सत्तरीच्या पुढचे, सगळे दात गेलेले, हाड झिजलेले आजी-आजोबा असतील तर आधी चांगली पूर्ण कवळी द्यावी. सहा महिने वापरूनही खालची कवळी बसत नसेल, तब्येत साथ देत असेल आणि मदत उपलब्ध असेल, तर दोन इम्प्लांटचा विचार करावा. तिशी-चाळिशीतल्या माणसाचा अपघातात एखादा दात गेला, हाड चांगले आहे, तंबाखू नाही, तर इम्प्लांटवरचा खर्च सार्थकी लागतो. त्याला पुढे अनेक वर्षे त्याच दाताने चावायचे आहे.

वेळेचाही विचार हवा. आमच्या तालुक्याच्या पश्चिम भागात जून ते सप्टेंबर पाऊस इतका असतो की काही वाड्यांवरून खाली उतरणेच कठीण होते. म्हणून दात काढणे दिवाळीनंतर, मापे माघ-फाल्गुनात आणि कवळीची घासणी-दुरुस्ती मे महिन्यापूर्वी, असा क्रम आम्ही धरतो. इम्प्लांटचे महिने मोजतानाही पावसाळा मध्ये येतो, हे डॉक्टरांना आधी सांगावे.

उपचार कोठे करावेत? जिल्ह्यात नवे पारगाव येथे तात्यासाहेब कोरे दंत महाविद्यालय आहे. सांगलीला आणि कराडलाही दंत महाविद्यालये आहेत. अशा ठिकाणी विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, त्यामुळे खर्च बहुधा खासगी दवाखान्यापेक्षा कमी येतो. फेऱ्या मात्र जास्त होऊ शकतात. शेजारच्या कर्नाटकाने २०१४ मध्ये दंतभाग्य योजना सुरू करून दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना मोफत कवळी देण्याची सोय केली. सीमेपलीकडे आपले नातलग असतील तर त्यांना हे जरूर कळवा.

बाजारात बसून तारेने किंवा चिकटवून दात बसवणाऱ्यांकडे मात्र कोणालाही जाऊ देऊ नका. असा दात काढून धुता येत नाही. खाली अन्न कुजते आणि शेजारचे चांगले दातही जातात.

कवळी मिळाल्यावर काय सांगावे? सुरुवातीला मऊ अन्न, लहान घास, दोन्ही बाजूंनी चावणे. रोज मऊ ब्रशने आणि साध्या साबणाने धुणे. रात्री काढून गार पाण्यात ठेवणे; गरम पाण्यात ती वाकडी होते. टोचत असेल तर घरी कानसने घासू नये आणि ट्रंकेतही ठेवून देऊ नये. डॉक्टरांकडून दुरुस्त करून घ्यावी. तोंडातील जखम किंवा पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांत बरा झाला नाही तर तपासणी करून घ्यावी. तंबाखू-मिश्री वापरणाऱ्यांनी तर यात अजिबात हयगय करू नये.

मदत करू इच्छिणाऱ्यांना शेवटची विनंती. केवळ दातांचे पैसे देऊन काम पुरे होत नाही. चार-पाच फेऱ्यांचे एसटी भाडे, सोबत येणाऱ्या मुलाची किंवा सुनेची बुडालेली मजुरी आणि नंतरच्या दुरुस्तीची एक-दोन हेलपाटी, हेही त्यात धरा. न वापरलेल्या कवळ्या मी घराघरांतून पाहिल्या आहेत. त्यातील बहुतेक बनवताना बिघडलेल्या नव्हत्या. दुरुस्तीच्या त्या शेवटच्या फेरीला पैसे उरले नव्हते, एवढेच.