उसाच्या मळ्याचे पाणी आणि गावची विहीर

पाटाचे अथवा उपसा योजनेचे पाणी शिवारात आले म्हणजे सुबत्ता आली, असे आपण मानतो आणि पहिली काही वर्षे अनुभवही तसाच येतो. पुढे मात्र शेताच्या सखल कोपऱ्यात ऊस विरळ होऊ लागतो, उन्हाळ्यात वरंब्यावर पांढरे फूल उमटते आणि पाळी दिल्यानंतर वापसा लवकर येईनासा होतो. सांगली जिल्ह्यातील वाळवा, पलूस, मिरज आणि कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ, हातकणंगले या तालुक्यांत नदीकाठच्या भारी काळ्या जमिनींचे हे चित्र सर्वांच्या परिचयाचे आहे. ते नवीन नाही. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला. १९१० मध्ये पुण्याच्या शेतकी कॉलेजातील डॉ. हॅरल्ड मान व त्यांच्या सहकाऱ्याला त्या खोऱ्यातील खारवट जमिनींचा अभ्यास प्रसिद्ध करावा लागला.

हे क्षार येतात कोठून, याचा हिशेब प्रत्येक बागायतदाराने एकदा तरी करून पाहावा. चार इंचांची एक पाळी म्हणजे एकरी सुमारे ४ लाख लिटर पाणी होय. लिटरमागे पाव ग्रॅम क्षार असलेले पाणी जिभेला गोडेच लागते. पण त्याच्या एका पाळीबरोबर एकरात १०० किलो क्षार येऊन पडतात. लिटरमागे एक ग्रॅम क्षार असलेल्या विहिरीच्या पाण्याने तेच ४०० किलो होतात. वर्षाला वीस पाळ्या धरल्या, तर गोड्या पाण्याचेसुद्धा २ टन! पीक त्यांतील थोडेच उचलते. निचरा चांगला असेल तेथे पावसाळ्याचे पाणी उरलेले क्षार खाली धुऊन नेते. परंतु जेथे पाणी मोजूनमापून दिले जात नाही, तेथे भूजलाची पातळी वर्षानुवर्षे वर चढते. ती चार-पाच फुटांच्या आत आली, की वातीतून तेल चढावे तसे खालचे खारे पाणी पृष्ठभागाकडे चढते. पाणी उन्हाने उडून जाते आणि क्षार मागे राहतात.

अशा वेळी शेतकरी बंधू प्रथम जिप्सम विकत आणतात. हा क्रम उलटा आहे. जमीन नुसती क्षारयुक्त असेल, म्हणजे विद्युत वाहकता ४ डेसीसायमनच्या वर पण सोडियम बेताचे असेल, तर तेथे जिप्समचे काम नाही. निचरा करून क्षार धुऊन काढणे हाच उपाय. सामू साडेआठच्या वर आणि विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांहून अधिक असेल, तर ती चोपण जमीन होय. तिच्यातील चिकणमातीचे कण सुटे होऊन छिद्रे बुजवितात. तेथे परीक्षणाने ठरलेल्या मात्रेत जिप्सम अवश्य द्यावे, पण चर अथवा भूमिगत सच्छिद्र नळ्या घातल्यानंतर. जिप्समने मोकळे केलेले सोडियम वाहून जाण्यास वाटच नसेल, तर पैसे मातीत गेले असे समजावे. भूमिगत निचऱ्यासंबंधी कसबे डिग्रज येथील कृषी संशोधन केंद्रात पुष्कळ काम झाले आहे. खर्च करण्यापूर्वी तेथे सल्ला घेणे हितावह ठरेल.

आता विहिरीकडे वळू. आडसाली उसाला एकरी १६० किलो नत्राची शिफारस आहे. ते सर्व युरियातून द्यावयाचे म्हटले, तरी ४५ किलोच्या आठ गोण्यांहून अधिक लागत नाही. आणि डीएपी वा मिश्रखतातून गेलेले नत्र त्यातून वजा करावयाचे असते. ही वजाबाकी फारच थोडे लोक करतात. जमिनीत युरियाचे शेवटी नायट्रेट होते व मातीचे कण त्याला धरून ठेवीत नाहीत. खत फेकून वर भरपूर पाणी सोडले, की ते पाण्याबरोबर मुळांखाली जाते आणि शिवारातील विहिरींत उतरते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट नसावे. त्याला रंग नाही, वास नाही, आणि पाणी उकळल्याने ते जात नाही, उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. सहा महिन्यांच्या आतील बाळाचे वरचे दूध अशा पाण्यात कालविले, तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटून बाळ निळे पडू शकते. घरातील मोठ्यांना ते पाणी लगेच बाधत नाही, म्हणून कोणास संशयही येत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. निचऱ्याच्या नळीतून बाहेर पडणारे पाणी नाल्याला, नाल्याचे नदीला मिळते आणि त्याच नदीवर खालच्या गावाची पाणीयोजना असते. आपले शेत सुधारले, पण क्षार व नायट्रेट खालच्या गावाच्या हंड्यात गेले. म्हणून निचऱ्याइतकेच महत्त्व आत येणारे पाणी व खत कमी करण्याला आहे. ठिबक करावे; ते न जमल्यास एक आड एक सरी भिजवावी. नत्र चार हप्त्यांत, मातीआड करून द्यावे. पाचट जाळू नये. ते सरीत पसरल्याने बाष्पीभवन घटते व त्याबरोबर क्षारांचे वर येणेही मंदावते. शिवाय एकरी तीन-चार टन पाचट कुजल्यावर १५ ते २० किलो नत्र जमिनीला परत मिळते.

निचऱ्याची नळी एकट्याच्या बांधावर थांबत नाही. नाल्यापर्यंत पोचण्यास तिला शेजाऱ्याच्या शेतातून जावे लागते आणि बहुतेक योजना येथेच अडतात. शिरोळ तालुक्यात शेतकऱ्यांनी गटाने एकत्र येऊन हे काम केले आहे. आपल्या गावी बैठक बोलाविण्यापूर्वी शेताच्या सखल कोपऱ्यात सहा फूट लांबीची, खालच्या अंगास भोके पाडलेली एक नळी उभी पुरावी, तिच्या तोंडावर झाकण ठेवावे आणि दर महिन्यास काठी घालून पाणी किती खोल आहे ते वहीत टिपावे. मातीचे नमुने एक, दोन व तीन फुटांच्या थरांतून वेगवेगळे घ्यावेत. विहिरीचा नमुना पंप काही वेळ चालू ठेवून, त्याच पाण्याने बाटली विसळून भरावा आणि नायट्रेटची तपासणी हवी असल्याचे प्रयोगशाळेस आवर्जून लिहून द्यावे.