नाण्यासोबतची चिठ्ठी

जगभरची नाणी जमवणाऱ्याला भेटणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो: किती देश झाले? संग्राहकही हौसेने आकडा सांगतो आणि विषय तिथेच संपतो. हा आकडा आज कोणालाही विकत घेता येतो. नाण्यांच्या प्रदर्शनात आणि ऑनलाइन बाजारात शंभर देशांची शंभर नाणी एका पाकिटात मिळतात. एका दुपारी अल्बम भरतो, पण ज्या गावात तो भरला त्या गावाची एकही खूण त्यात उमटत नाही. वडगावातला अल्बम आणि वाराणसीतला अल्बम शेजारी ठेवले तर कोणता कुठला हे सांगता येणार नाही. माझे म्हणणे असे आहे की परदेशी नाणे हा संग्रहाचा अर्धा भाग. ते कोणाबरोबर, कोणत्या साली, कोणत्या निमित्ताने इथे पोचले याची नोंद हा उरलेला अर्धा. बेळगावच्या वडगाव-शहापूरपासून निपाणीपर्यंतच्या आपल्या पट्ट्यात हा दुसरा अर्धा भाग फार मोलाचा आहे, आणि तोच आपण सर्वांत आधी फेकून देतो.

या पट्ट्यात परदेशी नाणी कुठून आली असतील? पहिली वाट फौजेची. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात येऊन शंभर वर्षे झाली, आणि त्याआधीपासूनच मराठा पलटणी समुद्रापार जात होत्या. पहिल्या महायुद्धात त्या मेसोपोटेमियात, कुतच्या वेढ्यात होत्या. दुसऱ्या महायुद्धात एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरांत आणि पुढे इटलीत लढल्या. सुट्टीवर परतलेल्या शिपायाच्या ट्रंकेत पगारातली उरलेली चिल्लर असणे अगदी स्वाभाविक होते. दुसरी वाट गोव्याची. भाजीपाला, दूध, कापड आणि मजूर असे सगळेच घाट उतरून जात असल्याने पोर्तुगीज नाणे बेळगावकराला कधीच अनोळखी नव्हते. आखाती देशांतली नोकरी ही नंतरची वाट. आणि अगदी अलीकडची वाट म्हणजे बेळगावात डॉक्टरकी शिकायला येणारे मलेशियाचे विद्यार्थी. त्यांच्या घरमालकांकडे 'सेन'ची नाणी सहज निघतील. यांपैकी एकाही वाटेवर नाण्यांचा व्यापारी उभा नव्हता. नाणी माणसांबरोबर आली, म्हणून त्यांची गोष्टही माणसांकडेच आहे.

नाण्यावर सगळे लिहिलेलेच असते, मग वेगळी चिठ्ठी कशाला, असे कोणी म्हणेल. नाणे बोलते, पण अर्धवट बोलते, आणि नीट वाचले नाही तर चक्क फसवते. तुर्की साम्राज्याचे पाचव्या मेहमेदच्या काळातले एखादे निकेलचे नाणे घ्या. भिंगाखाली वळणदार तुघ्रा, म्हणजे सुलतानाची नक्षीदार सही, दिसतो आणि हिजरी १३२७ हा आकडा दिसतो. नवशिका १३२७ म्हणजे इसवी १९०९ असा हिशेब करून मोकळा होतो. पण १३२७ हे सुलतान गादीवर आल्याचे साल. त्याच्या कारकिर्दीतल्या सर्व नाण्यांवर तेच छापलेले असते आणि राज्यारोहणाचे कितवे वर्ष चालू आहे तो बारीक आकडा वेगळा दिलेला असतो. तो सात असेल तर नाणे १९१४-१५ चे ठरते, म्हणजे मराठा पलटणी टायग्रिस नदीच्या काठाने वर सरकत होत्या त्याच सुमाराचे. इतके नाण्याने सांगितले. ते खिशात घालून परत आलेला शिपाई कोणत्या पलटणीचा, कुतमध्ये अडकलेल्यांपैकी की सुटकेसाठी धडपडणाऱ्यांपैकी, हे मात्र घरातली चिठ्ठीच सांगू शकते. ती नसेल तर एका बाजूला नाणे आणि दुसऱ्या बाजूला इतिहासाचे पुस्तक उरते, मधला धागा तुटतो.

याहून बोलके उदाहरण मारिया तेरेसाच्या थालरचे आहे. सुमारे २८ ग्रॅम वजनाचा, चार सेंटिमीटर व्यासाचा हा चांदीचा मोठा रुपया. एका बाजूला डोक्यावर पदर घेतलेली ऑस्ट्रियाची सम्राज्ञी, दुसऱ्या बाजूला दोन तोंडांचा गरुड, काठावर उठावदार लॅटिन अक्षरे आणि साल १७८०. सम्राज्ञी त्याच वर्षी वारली. पण इथिओपिया, येमेन आणि लाल समुद्राच्या दोन्ही काठांवरचे व्यापारी याच नाण्यावर विश्वास ठेवत, तिच्या अलंकारांतले मोती नीट उठले आहेत की नाहीत हे पाहून नाणे स्वीकारत. त्यामुळे ते पुढे दीडशे-दोनशे वर्षे त्याच सालासह पाडले जात राहिले. १९३५ मध्ये इथिओपियावर चाल करताना मुसोलिनीने व्हिएन्नाहून त्याचे ठसे मिळवले. मग ब्रिटिशांनीही ते पाडायला घेतले, आणि १९४०-४१ मध्ये हे थालर आपल्या मुंबईच्या टांकसाळीतून बाहेर पडले. त्याच सुमारास मराठा पलटणी केरेनसमोर उभ्या होत्या. आता समजा, सीमाभागातल्या एखाद्या फौजी घरात असा थालर निघाला. त्यावरचे साल खोटे, देश खोटा. ठशातल्या बारकाव्यांवरून जाणकार टांकसाळ ओळखेल, पण मुंबईत जन्मलेले नाणे आफ्रिकेची फेरी करून पुन्हा घाटावर आले, की मुंबईच्याच सराफाकडून दागिन्यात ओवायला घेतले गेले, हे कोणतेही भिंग दाखवू शकत नाही.

गोव्याच्या नाण्यांचा प्रश्न याहून जवळचा. १९५८-५९ मध्ये पोर्तुगीज सरकारने गोव्यातला 'रुपिया' काढून 'एस्कुदो' आणला. एका रुपियाला सहा एस्कुदो असा दर धरला, म्हणून नाणीही विचित्र किमतींची निघाली: १०, ३० आणि ६० सेंताव्हो, १, ३ आणि ६ एस्कुदो. तीस आणि साठ या संख्या पाहिल्या की जुना रुपिया नव्या नाण्यांच्या आत लपून बसल्याचे लगेच कळते. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि ही नाणी लवकरच निरुपयोगी ठरली. त्यांचे आयुष्य जेमतेम तीन वर्षांचे, आणि त्या काळात भारताने गोव्याची नाकेबंदी केलेली होती. तेव्हा बेळगावच्या घरातले तीन एस्कुदोचे नाणे नाकेबंदीतून चोरवाटेने आले, गोव्यातल्या नातेवाइकाने आणले, की मुक्तीनंतर बाद झाल्यावर पोरांच्या खेळण्यात आले? हे तीन वेगळे इतिहास आहेत आणि नाणे तिन्हींत एकच आहे.

नाण्याचे ठिकाण आणि त्याची सोबत हीच खरी माहिती असते, हे आपल्याकडच्या नाणेशास्त्राने फार पूर्वी दाखवून दिले आहे. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभी गावी क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. १३ हजारांहून अधिक नाणी, आणि त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला. साठा एकत्र मोजला गेला म्हणूनच विजेत्याने पराभूताचा पैसा केवढ्या प्रमाणावर आपल्या नावावर करून घेतला ते उमगले. तीच नाणी एकेक करून १३ हजार अल्बमांत गेली असती तर प्रत्येक संग्राहकाकडे एक सुंदर नाणे असते आणि इतिहास कोणाकडेच नसता. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीतल्या धनुष्यबाण चिन्हाच्या कुर नाण्यांचेही तसेच. कोणत्या राजाने कोणाच्या नाण्यावर आपला छाप मारला ते पाहून विळिवायकुर, शिवलकुर आणि गौतमीपुत्र विळिवायकुर हा क्रम लावता आला. आणि वडगावकराला दूर जायचीही गरज नाही. वडगाव-माधवपूरला धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाने १९७० च्या दशकात केलेल्या उत्खननात सातवाहनकालीन वसाहत उजेडात आली. ज्या मातीवर आज यंत्रमाग चालतात त्या मातीत दोन हजार वर्षांपूर्वी नाण्यांचा व्यवहार होता, हे कळले ते प्रत्येक वस्तू कोणत्या थरात सापडली याची नोंद ठेवल्यामुळे.

यावर एक आक्षेप जोरदार आहे आणि तो टाळून चालणार नाही. सातवाहनांचे नाणे दुर्मीळ, म्हणून त्याचे ठिकाण महत्त्वाचे. विसाव्या शतकातली नाणी कोट्यवधींनी पाडली, जाडजूड कॅटलॉगात त्यांची सगळी माहिती छापलेली आहे, मग एका लिरासाठी कसली नोंद? मला वाटते इथे दोन गोष्टींची गल्लत होते. कॅटलॉग नाण्याच्या जातीची माहिती देतो, त्या एका नाण्याच्या प्रवासाची नाही. दक्षिण भारतात मिळालेली रोमन नाणीही रोममध्ये साधी चलनी नाणीच होती. ती इथे मिळाली हाच इतिहास आहे. दुसरा आक्षेप अधिक अवघड: घरच्या आठवणींवर भरवसा काय? "आजोबांनी आफ्रिकेतून आणले" हे वाक्य तीन पिढ्यांत कितीही बदलू शकते. हे खरे आहे, आणि म्हणूनच चिठ्ठीत डोळ्यांनी पाहिलेले, ऐकलेले आणि तर्काने ठरवलेले वेगवेगळे लिहायला हवे. शिवाय नाणे स्वतः साक्षीदाराची उलटतपासणी घेते. आजोबा १९४५ ला घरी परतले आणि नाणे १९५२ चे असेल, तर गोष्टीत कुठेतरी दुसराच माणूस आहे. तो शोधण्यातच या छंदाची खरी मजा आहे.

नोंद करण्याची रीत साधी आहे, पण शिस्त लागते. डबा उघडल्यावर पहिला मोह होतो तो चिंच, लिंबू किंवा राखेने नाणे लख्ख करण्याचा. देवघरातल्या तांब्याच्या भांड्यांची सवय हाताला असते. पण आम्लाने धातूचा वरचा थर जातो, अक्षरांच्या कडा बोथटतात आणि काळाने चढलेला रंग पुन्हा येत नाही. नाणे फक्त काठाला धरावे. सराफाकडचा चांगला काटा असेल तर दशांशापर्यंत वजन घ्यावे, व्यास मोजावा, चुंबक लावून पाहावे. मग ते उभ्या अक्षावर फिरवून पाहावे: एक बाजू सुलटी धरल्यावर दुसरी सुलटीच येते की उलटी, हेही टांकसाळीचे वैशिष्ट्य असते. सालाचा हिशेब जपून करावा. नेपाळच्या विक्रम संवतातून ५६-५७ वजा, थायलंडच्या बौद्ध सालातून ५४३ वजा, इराणच्या सौर सालात ६२१ मिळवायचे. मऊ प्लॅस्टिकची स्वस्त पाकिटे टाळावीत, त्यांतून काही वर्षांत हिरवट चिकट थर चढतो. आणि सर्वांत महत्त्वाचे, नाणी देशवार लावण्याआधी ती ज्या डबीत, ज्या पुरचुंडीत एकत्र होती ती सोबत लिहून ठेवावी. एका पुरचुंडीत तुर्की, इजिप्शियन आणि इटालियन नाणी असतील तर ती एका माणसाच्या वाटचालीचा नकाशा आहे. अल्बमात तीन वेगळ्या पानांवर गेली की तो नकाशा फाटला.

बाजाराबद्दल थोडक्यात. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीत रिझर्व्ह बँकेचे नाव वापरून शुल्क किंवा कमिशन मागणाऱ्यांबद्दल बँकेने २०२१ मध्येच लोकांना सावध केले आहे. १८१८ सालाची, राम-दरबाराचे चित्र असलेली 'ईस्ट इंडिया कंपनीची' नाणी ही कंपनीची नाहीतच. ती नंतर तयार केलेली खोटी नाणी आहेत. आणि पाया खणताना जमिनीतून नाणी निघाली तर कायद्याप्रमाणे अशा ठेव्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. त्यात हौशी संग्राहकाने हात घालू नये. मातीतून उचललेले नाणे ठिकाण गमावते आणि ते गमावले की पुन्हा मिळत नाही.

घरातली चिल्लर मात्र आपल्या हातात आहे. दिवाळीच्या साफसफाईत कपाटाच्या खणातली जुनी डबी निघेल, तेव्हा ती मुलांच्या हाती खेळायला देण्याआधी किंवा मोडीत घालण्याआधी घरातल्या सर्वांत वयस्क माणसासमोर ठेवा. मावशी असो, आत्या असो की माजी सैनिक असलेले काका, एकेक नाणे त्यांच्या हातात द्या आणि कोणी आणले, कुठून, केव्हा हे पेन्सिलीने लिहून घ्या. सांगणाऱ्याचे नाव आणि लिहिल्याची तारीखही खाली घाला. केरेनला गेलेला शिपाई आज सांगायला नाही. त्याच्याकडून ऐकलेली त्याची मुले आता ऐंशीच्या पुढे आहेत.