जमिनीवरची पंचवीस मिनिटं

मुळशी तालुक्याचा विमानांशी काय संबंध, असं विचारलं तर बहुतेक जण हिंजवडीकडे बोट दाखवतील. तिथल्या आयटी पार्कमधून बेंगळुरू, हैदराबाद, दिल्लीला ये-जा करणाऱ्यांमुळे लोहगावच्या विमानतळावर पहाटेपासून गर्दी असते. पण या तालुक्याचा आणखी एक, विस्मरणात गेलेला धागा आहे. तालुक्याच्या घाटमाथ्यावर सहारा समूहाने ॲम्बी व्हॅली वसवली आणि तिथे खासगी धावपट्टीही बांधली. त्याच समूहाची एअर सहारा ही विमान कंपनी जेट एअरवेजने एप्रिल 2007 मध्ये 1,450 कोटी रुपयांना विकत घेतली आणि तिचं नाव ठेवलं जेटलाइट.

जेटलाइट ना धड महागडी, ना धड स्वस्त. पूर्ण सेवा देणारी जेट एअरवेज एका बाजूला, एअर डेक्कन, स्पाइसजेट, इंडिगोसारख्या स्वस्त कंपन्या दुसऱ्या बाजूला, आणि मधल्या जागेत ही. आज ज्याला ‘हायब्रिड लो-कॉस्ट’ म्हणतात, तो आपल्याकडचा सुरुवातीचा प्रयोग. तिकीट परवडणारं, पण प्रवाशाला अगदीच कोंबल्यासारखं वाटू नये, ही कल्पना कुणालाही पटेल अशीच होती. तरी 2012 मध्ये तो ब्रँड जेटकनेक्टमध्ये विरून गेला आणि 17 एप्रिल 2019 ला खुद्द जेटचीच विमानं थांबली. जेट बुडण्याची कारणं अनेक होती, कर्जापासून व्यवस्थापनापर्यंत. पण मधली वाट इतकी अवघड का असते, याचं उत्तर हिशेबाच्या वह्यांइतकंच पदार्थविज्ञानातही आहे, आणि त्याबद्दल फारसं बोललं जात नाही.

आधी वजनाचं बघू. सरळ, एका उंचीवर उडणाऱ्या विमानाचे पंख वजनाइतकाच उचल देतात आणि त्या बदल्यात हवेचा विरोध सोसतात. आजच्या प्रवासी जेटमध्ये उचल आणि विरोध यांचं प्रमाण साधारण 17 ते 18 असतं. म्हणजे 17 किलो वजन हवेत धरून ठेवायला इंजिनाने सुमारे 1 किलो वजनाइतका रेटा द्यावा लागतो. तेवढा रेटा तासभर द्यायला आधुनिक इंजिन अर्ध्या किलोपेक्षा थोडं जास्त इंधन जाळतं. भागाकार केला की हाती येतं ते असं : विमानात चढवलेल्या प्रत्येक जादा किलोमागे दर तासाला त्याच्या सुमारे 3 टक्के वजनाचं इंधन जळतं. जेवणाची भरलेली मोठी ट्रॉली शंभरेक किलोपर्यंत जाते. दोन तासांच्या उड्डाणात ती एक ट्रॉली सहा किलो इंधन खाते. एका फेरीत हे काहीच नाही, पण विमान दिवसात सहा-सात फेऱ्या करतं, वर्षभर करतं, आणि भारतीय विमान कंपन्यांच्या खर्चात साधारण तीस ते चाळीस टक्के वाटा इंधनाचाच असतो. गरम जेवण द्यायचं तर ट्रॉलीबरोबर ओव्हन येतात, जास्तीचं पाणी येतं, मोठी गॅली, म्हणजे विमानातलं स्वयंपाकघर, येते.

गॅली मोठी झाली की खुर्च्या कमी होतात. बोइंग 737-800 मध्ये बिझनेस आणि इकॉनॉमी अशी दोन वर्गांची नेहमीची मांडणी केली तर 162 खुर्च्या बसतात. सगळ्या एकाच वर्गाच्या, दाटीने बसवल्या तर 189. पुणे ते दिल्ली या साडेअकराशे किलोमीटरांच्या आसपासच्या प्रवासाला विमानाला साधारण साडेचार टन इंधन लागतं असं धरू. 162 खुर्च्यांत वाटलं तर प्रत्येकीच्या वाट्याला जवळजवळ 28 किलो येतं, 189 मध्ये वाटलं तर 24 च्या आत. पायलट तेच, विमानाचा हप्ता तोच, विमानतळाचं भाडंही जवळपास तेवढंच. 27 खुर्च्या काढून टाकणाऱ्याने उरलेल्या खुर्च्यांकडून तेवढं जास्त मिळवलंच पाहिजे. इंडिगोने नोव्हेंबर 2024 मध्ये दिल्ली-मुंबई मार्गावर ‘स्ट्रेच’ नावाचा बिझनेस वर्ग सुरू केला तेव्हा हा तोटा फार काटेकोरपणे आवरला. 232 खुर्च्यांच्या ए321 विमानात आता 220 आहेत, म्हणजे फक्त 12 कमी. हायब्रिड व्हायचं असेल तर असं मोजूनमापून व्हावं लागतं, असं मला वाटतं.

पण वजन आणि खुर्च्या हा निम्माच भाग झाला. खरा खेळ जमिनीवर चालतो. स्टँडवर उभी असलेली रिक्षा कमावत नाही, तसंच पार्किंग बेवर उभं असलेलं विमानही.

1972 मध्ये टेक्सासमधल्या साउथवेस्ट या नव्या कंपनीला पैशांअभावी आपल्या चारपैकी एक बोइंग 737 विकावं लागलं. वेळापत्रक मात्र चार विमानांचं होतं, आणि ते सोडायची तयारी नव्हती. उतरलेलं विमान दहा मिनिटांत पुन्हा निघालं तर तीन विमानांत चारांचं काम होतं, असा हिशेब निघाला, आणि त्यांनी ते करून दाखवलं. जगभरच्या स्वस्त विमानसेवेचं मर्म या दहा मिनिटांत आहे. आज सुरक्षेचे नियम आणि विमानांचा आकार पाहता दहा मिनिटं शक्य नाहीत. पंचवीस-तीस मिनिटं चांगली समजली जातात, पूर्ण सेवेच्या कंपन्यांना पाऊण तास ते तास लागतो. फरक किती पडतो पाहा. एक फेरी 100 मिनिटांची आणि दिवस 15 तासांचा धरू. प्रत्येक फेरीमागे 25 मिनिटं थांबलं तर दिवसात 7 फेऱ्या बसतात. 50 मिनिटं थांबलं तर 6. त्या सातव्या फेरीसाठी नवीन विमान लागत नाही, नवीन हप्ता लागत नाही.

ही पंचवीस मिनिटं लोहगावला खिडकीतून नीट बघण्यासारखी असतात. चाकांना चॉक लागतात, दिवे बंद होताच मालाच्या दारापाशी बेल्ट लोडर येऊन टेकतो. इंधनाची गाडी पंखाखाली, पाण्याची शेपटीकडे. पायलटांपैकी एक जण खाली उतरून विमानाभोवती फेरी मारतो, टायर, ब्रेक, इंजिनाची पाती, गळती असं सगळं डोळ्यांखालून घालतो. आत केबिन क्रू सीटच्या खिशांतला कचरा काढत मागून पुढे सरकत असतात. नुकतंच उतरलेलं विमान लगेच परत निघायचं असेल तर ब्रेकचं तापमानही बघावं लागतं. कित्येक टनांची गती त्या चकत्यांनी उष्णतेत बदललेली असते, आणि तापलेल्या ब्रेकनिशी उड्डाण सोडून द्यायची वेळ आली तर ते पुरे पडतीलच असं नाही. म्हणून थांबायची किमान वेळ ठरलेली असते. घाईलाही भौतिकशास्त्राने घातलेली मर्यादा आहे, आणि ती पाळली जाते याचं समाधान वाटायला हवं.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो माणसांना चढवण्यात. जेसन स्टेफन हे तेव्हा फर्मीलॅब या प्रयोगशाळेत काम करणारे खगोलभौतिकशास्त्रज्ञ. त्यांनी 2008 मध्ये संगणकावर शोधलं की प्रवासी कोणत्या क्रमाने चढले तर वेळ कमीत कमी लागेल. पुढे एका नकली केबिनमध्ये, 12 रांगा आणि 72 प्रवासी घेऊन खरोखरचा प्रयोगही केला. मागच्या रांगांपासून पुढे, हा आपल्याला शहाणपणाचा वाटणारा क्रम सहा मिनिटांहून जास्त घेत होता. काहीच क्रम न लावता, कुणीही कसंही चढलं तर पावणेपाच मिनिटं. स्टेफन यांच्या पद्धतीने साडेतीन मिनिटांच्या थोडं वर. अडचण चालण्यात नसते, बॅग वर ठेवण्यात असते. मागच्या तीन रांगांतले सगळे एकदम आले की ते एकाच जागी एकामागून एक बॅगा ठेवत बसतात आणि बाकीची वाट मोकळी पडून राहते. स्टेफन यांच्या पद्धतीत एकाआड एक रांगेतले खिडकीवाले आधी येतात, त्यामुळे विमानभर एकाच वेळी बॅगा वर जातात.

आता हायब्रिड कंपनीचं बघा. ती पुढच्या, ऐसपैस रांगा जादा पैशाने विकते आणि त्या प्रवाशांना आधी चढवते. सामानाला वेगळे पैसे लावले की प्रवासी केबिनमध्ये मोठ्या बॅगा आणतात. उत्पन्नाची प्रत्येक नवी युक्ती त्या अरुंद वाटेत काही सेकंद वाढवते. इंडिगोने 2022 मध्ये तिसऱ्या दारातूनही प्रवासी उतरवायला सुरुवात केली, ती पाच-सहा मिनिटं वाचवण्यासाठीच.

मुंबईची आकासा एअर या सगळ्या अनुभवानंतर आली. 7 ऑगस्ट 2022 ला मुंबई-अहमदाबाद हे तिचं पहिलं उड्डाण. विनय दुबे यांनी उभी केलेली, राकेश झुनझुनवाला यांचा पैसा लागलेली ही कंपनी. पहिल्या उड्डाणानंतर आठवडाभरातच झुनझुनवाला गेले. आकासाने गरम जेवणाची सक्ती ठेवली नाही, पण विकत मिळणारं खाणं निगुतीने केलं, मोबाइल चार्ज करायची सोय दिली, पाळीव प्राणी केबिनमध्ये नेऊ दिले. यातलं काहीच जड नाही, आणि मला तिचा शहाणपणा इथेच दिसतो. एअर सहाराकडून जेटला 737 च्या वेगवेगळ्या पिढ्या आणि शिवाय छोटी सीआरजे विमानं मिळाली होती, म्हणजे तितके सुटे भाग आणि तितकी प्रशिक्षणं. आकासाकडे एकाच कुळातली 737 मॅक्स आहेत.

मॅक्सचं इंजिन, लीप-1बी, आधीच्या पिढीपेक्षा सुमारे 15 टक्के इंधन वाचवतं असा उत्पादकांचा दावा आहे. युक्ती साधी आहे. रेटा हा मागे फेकलेल्या हवेचं वस्तुमान गुणिले वेग, पण त्यासाठी लागणारी ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. दुप्पट हवा निम्म्या वेगाने फेकली तर रेटा तेवढाच, ऊर्जा निम्मी. म्हणून पंखा मोठा करायचा. लीपचा पंखा 176 सेंटिमीटरचा, आधीचा 155. या कुळातल्या इंजिनांचे काही भाग आपल्या चाकणच्या जीई कारखान्यात बनतात. पण 737 चे पाय आखूड. मोठं इंजिन पंखाखाली मावेना, म्हणून ते पुढे आणि वर बसवलं, त्याने विमानाचा तोल बदलला, तो सावरायला एमकॅस नावाचं सॉफ्टवेअर आलं, आणि ते एकाच सेन्सरच्या भरवशावर ठेवलं गेलं. ऑक्टोबर 2018 आणि मार्च 2019 मधल्या दोन अपघातांत 346 माणसं गेली. इंधन वाचवण्याच्या घाईत घडलेली ही गोष्ट स्वस्त प्रवासावर लिहिताना वगळता येत नाही. दुरुस्त्यांनंतर भारताने ऑगस्ट 2021 मध्ये मॅक्सला परवानगी दिली, आणि नोव्हेंबरमध्ये आकासाने 72 विमानांची मागणी नोंदवली. जानेवारी 2024 पर्यंत ती 226 वर गेली.

त्याच महिन्यात अलास्का एअरलाइन्सच्या मॅक्सचा दारासारखा भाग हवेत निखळला, अमेरिकी नियामकाने बोइंगच्या उत्पादनवाढीला लगाम घातला, नंतर बोइंगमध्ये संप झाला. विमानं उशिरा येऊ लागली आणि आकासाचे बरेच पायलट विमानाची वाट बघत बसले. एकाच जातीच्या ताफ्याची ही दुसरी बाजू. मुंबईच्याच गो फर्स्टने मे 2023 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा तिने बोट दाखवलं होतं ते एका कंपनीच्या इंजिनांकडे, ज्यांच्यापायी तिची निम्मी विमानं जमिनीवर होती.

मुळशीच्या प्रवाशाला यात आणखी एक स्थानिक घटक लागू होतो, तो म्हणजे हवा. लोहगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 590 मीटरांवर आहे, धावपट्टी अडीच किलोमीटरांची. एप्रिलच्या दुपारी पारा 40 अंशांवर गेला की तिथली हवा इतकी विरळ होते, जणू विमान साल्हेरच्या माथ्यावरून, 1,567 मीटरांवरून, प्रमाण वातावरणात निघालं आहे. घनता समुद्रसपाटीच्या प्रमाण हवेपेक्षा 14 टक्के कमी, म्हणून उचल मिळवायला 8 टक्के जास्त वेग हवा, आणि धावपट्टी तर तेवढीच. जितका पल्ला लांब तितकं इंधन जास्त, आणि तितकं सामानाचं, खुर्च्यांचं, ओव्हनचं वजन नडतं. ऑक्टोबर 2025 मध्ये उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळाची धावपट्टी 3,700 मीटर आहे आणि ती जवळजवळ समुद्राच्या पातळीवर आहे. हिंजवडीहून तिथे जायला द्रुतगती मार्ग आहे. तेव्हा पुढची काही वर्षं लांब पल्ल्याच्या स्वस्त विमानांसाठी मुळशीकर पूर्वेला लोहगावकडे वळतात की पश्चिमेला घाट उतरतात, हे तिकिटाच्या दराइतकंच दुपारच्या तापमानावरही ठरेल.