भरलेली भेग

२००८ च्या जानेवारीतली गोष्ट. मुलाकडे लंडनला गेलो होतो. शनिवारी सकाळी तो म्हणाला, "बाबा, चला, एक प्रदर्शन दाखवतो. मात्र तिथं भिंतींकडे बघायचं नाही, पायांखाली बघायचं." मला वाटलं, थट्टा करतोय.

थेम्स नदीच्या काठी एक जुनं वीजघर आहे. ते १९८१ साली बंद पडलं आणि २००० साली तिथं 'टेट मॉडर्न' हे कलादालन उघडलं. जिथं पूर्वी जनित्रं घरघरत असत, तो टर्बाइन हॉल केवढा, तर सुमारे दीडशे मीटर लांब आणि पस्तीस मीटर उंच. आत शिरलं की माणूस आपोआप वर बघतो. इथं प्रदर्शन मांडायचं म्हणजे एवढी पोकळी कशानं भरायची, हाच प्रश्न. आपल्या मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांनी २००२ साली या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लालभडक, तुतारीच्या तोंडासारखा आकार ताणून बसवला होता. पुढच्या वर्षी ओलाफुर एलियासन यांनी तिथं चक्क सूर्य उगवला.

कोलंबियाच्या डोरिस साल्सेडो यांची पाळी आली २००७ च्या ऑक्टोबरात. त्यांनी हॉल रिकामाच ठेवला. केलं एवढंच, की जमिनीला भेग पाडली.

दारापाशी ती केसाएवढी होती. लक्षात न येता ओलांडून जावं अशी. उतारावरून पुढं जाऊ लागलो तशी ती वेडीवाकडी रुंदावत गेली, फाटे फुटले, पाय अडकेल एवढी झाली. लांबी १६७ मीटर. वाकून पाहिलं, तर आत काँक्रीटमध्ये कुंपणाची असते तशी तारेची जाळी. पोरं पालथी पडून आत डोकावत होती. त्या दिवसांत काही प्रेक्षक तिथं अडखळून पडलेही. "हे केलं कसं?" असं जो तो विचारी. बाईंनी ते सांगितलं नाही. कसं केलं यापेक्षा ते काय सांगतं, हे महत्त्वाचं, असं त्यांचं म्हणणं. परक्या देशातून युरोपात आलेल्या माणसाला जो दुरावा पदोपदी जाणवतो, तो त्यांना दाखवायचा होता. भिंतीवर चित्र टांगून तो दिसला नसता. इमारतीच्या पायालाच हात घालावा लागला.

मला खरा धक्का बसला तो नावानं. कलाकृतीचं नाव 'शिब्बोलेथ'. ही कथा बायबलच्या जुन्या करारातली, शास्ते नावाच्या पुस्तकातली. लढाईत हरलेले एफ्राइमी लोक नदी ओलांडून घरी पळू बघत होते. जिंकलेल्यांनी उतार अडवले. येणाऱ्याला ते म्हणत, "शिब्बोलेथ म्हण." एफ्राइमींना 'श' म्हणता येत नसे. "सिब्बोलेथ" म्हटलं की मान उडे. अशी बेचाळीस हजार माणसं मेली, असं तिथं लिहिलं आहे. एका अक्षरापायी!

मुलगा हे वाचून दाखवत होता आणि मला मात्र आमच्या बार्शीकडच्या गावातलं घर दिसत होतं.

आमच्या घरी 'ण' नव्हता. पानी, लोनी, कोन, असंच सगळे बोलायचे. १९७० साली शहरातल्या कॉलेजात गेलो. पहिल्याच आठवड्यात वर्गात उठून "कोनी तरी सांगा" म्हणालो आणि बाकांवर हशा पिकला. मान कुणी उडवली नाही; पण पुढचं वर्षभर मी वर्गात तोंड उघडलं नाही. रात्री खोलीत एकटा बसून 'ण' घोटला. जमला.

इथवर सांगायला सोपं आहे. पुढचं मी मुलालाही कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवाळीत दोन मित्रांना घेऊन गावी गेलो. आई तांब्या घेऊन बाहेर आली, म्हणाली, "घ्या रं, पानी घ्या." मी हसत म्हणालो, "आई, पानी नाही, पाणी!" मित्रही हसले. आई काहीच बोलली नाही. पण त्यानंतर घरी माझं कुणी पाहुणं आलं, की ती तांब्या ठेवायची आणि मुकाट्यानं आत जायची. नोकरी लागल्यावर एकदा मी तिची माफी मागितली. "कशाची रं?" म्हणाली, हसली. पण पाहुण्यांसमोर ती शेवटपर्यंत बोलली नाही.

त्या भेगेच्या कडेला उभं राहून हे मी मुलाला सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "इथं ऑफिसात मी फोनवर बोलायचं टाळतो, बाबा."

एप्रिल २००८ मध्ये प्रदर्शन संपलं आणि भेग बुजवण्यात आली. गेल्या वर्षी पुन्हा लंडनला गेलो, तेव्हा सहा वर्षांच्या नातीला घेऊन मुद्दाम तिथं गेलो. बुजवलेली रेघ जमिनीवर स्पष्ट दिसते, जुन्या जखमेच्या व्रणासारखी. दालनात प्रदर्शनं येतात, जातात. हे एक तेवढं निघून गेलेलं नाही. तोल सावरत त्या रेघेवरून नात टोकापर्यंत चालत गेली आणि धावत परत आली.

तिकडेच जन्मलेली पोर. इंग्रजीत 'ण' नाही, म्हणून तिच्या मराठीतही तो नाही.

"आजोबा, पानी," ती म्हणाली.

मी बाटलीचं झाकण काढून तिच्या हातात दिली.